लिहिणाऱ्याचाही करार लिहिलेला असावा

रमजानमध्ये मशिदीत तरावीहच्या नमाजात कुरआन क्रमाने ऐकवला जातो. रोज एक पारा या गतीने पठण होते तिथे तिसऱ्या रात्री कुरआनमधील सर्वांत लांब आयत येते. सूरह बकराची ही २८२वी आयत. अनेकांना वाटेल की सर्वांत लांब आयत जन्नत-जहन्नमविषयी किंवा रोजा-नमाजविषयी असेल. प्रत्यक्षात ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. तिला 'आयतुद्दैन' म्हणजे कर्जाची आयत असे म्हणतात.

या आयतीचा आशय एखाद्या दुकानदारालाही सहज समजेल असा आहे. ठराविक मुदतीचा देण्या-घेण्याचा व्यवहार कराल तर तो लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा आणि लिहायला नकार देऊ नये. ज्याच्यावर देणे आहे, त्याने मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये. साक्षीदार ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका. हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर न लिहिले तरी चालेल. आणि शेवटी एक सूचना येते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास होऊ देऊ नका.

आजच्या बाजारात हा 'लिहिणारा' कोण? पूर्वी पेढीवर मुनीम किंवा दिवाणजी असे. आता बहुतेक लहान दुकानांना पूर्णवेळ पगारी माणूस परवडत नाही. त्यांचे काम बी.कॉम. किंवा एम.कॉम. झालेले तरुण आणि घरी संगणकावर टॅली चालवणाऱ्या महिला करतात. एक जण आठ-दहा दुकानांचे हिशेब पाहतो. कुणाचे कापडाचे दुकान, कुणाची हार्डवेअरची पेढी, कुणाचे मेडिकल. हिंदू, मुसलमान, जैन अशा सर्वांच्या वह्या एकाच टेबलावर असतात. कुणाकडून किती येणे आहे, कुणाचे देणे किती दिवस थकले आहे, याची सगळी नोंद या माणसाकडे असते. मात्र त्याचे स्वतःचे दुकानदाराशी काय ठरले आहे, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. 'काम सुरू करा, पैशांचे बघू' एवढ्यावर वर्षानुवर्षे काम चालते.

विश्वासाचा प्रश्न

करार म्हटले की पहिले वाक्य ठरलेले असते, 'आमच्यावर विश्वास नाही का?' हिशेबनिसालाही संकोच वाटतो. ओळखीतून काम मिळालेले असते. दुकानदार वडिलांचा मित्र असतो किंवा त्याच मोहल्ल्यातला, त्याच गल्लीतला असतो. कागद पुढे केला तर काम जाईल, अशी भीतीही असते.

इथे आयतीचा रोख पाहण्यासारखा आहे. लिहून ठेवण्याची सूचना तिथे श्रद्धावंतांनाच, म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांना उद्देशून आहे. लिहिल्याने शंकेला जागा राहत नाही, असे कारणही दिले आहे. माणूस खोटे बोलतो म्हणूनच भांडण होते असे नाही. पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांना आठवते ते वेगळे असते. दुकानदाराला आठवते की 'सगळे हिशेब' तीन हजारांत ठरले होते. हिशेबनिसाला आठवते की तीन हजार फक्त विक्री-खरेदीच्या नोंदींचे ठरले होते.

मराठी जमाखर्चाची भाषाही या बाबतीत बोलकी आहे. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तपशील, नफा, तारीख, हिशेब, वजा आणि खुद्द 'करार' हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'जमा-नावे' या जोडीतला पहिला शब्द अरबी आणि दुसरा आपला मराठी. हिशेबाच्या बाबतीत या दोन परंपरांचे कधीच वाजले नाही. दोन्हीकडे व्यवहार चोख असावा हीच अपेक्षा राहिली.

नोकर की स्वतंत्र व्यावसायिक?

इस्लामी कायदेशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, कामाच्या मोबदल्याच्या कराराला 'इजारा' म्हणतात. मराठीत इजारा म्हणजे मक्ता किंवा ठेका. फिकहमध्ये भाड्याने देणे-घेणे आणि मजुरी दोन्ही त्यात येतात. काम करणाऱ्याचे तिथे दोन प्रकार मानले आहेत. 'अजीर-ए-खास' म्हणजे ठराविक वेळ एकाच मालकाचे काम करणारा. तो वेळ देतो आणि त्या वेळेचा मोबदला घेतो. 'अजीर-ए-मुश्तरक' म्हणजे अनेकांचे काम करणारा, जसा शिंपी किंवा रंगारी. त्याला मोबदला मिळतो तो पूर्ण केलेल्या कामाचा. भारतीय कायद्यातही नोकरीचा करार आणि सेवा पुरवण्याचा करार यांत असाच फरक केला जातो.

स्वतंत्र हिशेबनीस हा दुसऱ्या प्रकारात येतो. गोंधळ होतो तो इथेच. मोबदला देताना त्याला बाहेरचा माणूस समजले जाते. पगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. काम सांगताना मात्र तो 'घरचा माणूस' असतो. रात्री दहाला फोन येतो, रविवारी दुकानात बोलावले जाते, बँकेत सोबत चला म्हणतात. म्हणून कराराच्या पहिल्याच कलमात लिहावे की हिशेबनीस हा नोकर नाही, तो इतरांचीही कामे करतो आणि कामाची वेळ व जागा तो स्वतः ठरवील. घरून काम करणाऱ्या महिलांसाठी तर हे फार उपयोगाचे आहे. बिले कशी पोहोचवायची, फोन कोणत्या वेळेत करायचा, दुकानात किती वेळा यायचे, हे आधीच ठरले की घरातलाही ताण कमी होतो.

फिकहचा दुसरा नियम असा की काम आणि मोबदला दोन्ही आधी माहीत असले पाहिजेत. दोहोंपैकी एक जरी मोघम राहिले तरी व्यवहारात 'गरर' म्हणजे अनिश्चितता येते. 'काय द्यायचे ते द्या' हे ऐकायला नम्र वाटते, पण वादाची सुरुवात तिथूनच होते.

करारात काय असावे

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यानुसार तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. त्यामुळे दोन-तीन पानांचा साधा कागद पुरतो, आणि तो इंग्रजीत असलाच पाहिजे असेही नाही. दोघांना वाचून समजेल अशा मराठीत लिहिलेला करार न समजलेल्या इंग्रजी मसुद्यापेक्षा बरा.

सर्वांत आधी पक्ष कोण ते स्पष्ट करावे. दुकान एकट्याचे आहे की भागीदारीचे, पॅनवरील नाव काय, सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे पाहावे. नंतर कामाची यादी द्यावी. नमुना म्हणून अशी भाषा चालेल: 'हिशेबनीस दरमहा विक्री, खरेदी, खर्च आणि बँकेच्या नोंदी करील, बँक जुळवणी पत्रक तयार करील, येणेकऱ्यांची यादी देईल आणि जीएसटी विवरणपत्रासाठी लागणारा तक्ता तयार करील.'

त्याखालीच कामात काय येत नाही तेही लिहावे. मागील वर्षांचे राहिलेले हिशेब, आयकर विवरणपत्र, बँक कर्जासाठीचे तक्ते, जीएसटी खात्याच्या नोटिसांना उत्तरे ही कामे वेगळी आणि त्यांचे दरही वेगळे. लेखापरीक्षण हे तर चार्टर्ड अकाउंटंटचे काम. हिशेबनीस ते करणार नाही आणि तसा दावाही करणार नाही, हे दोघांच्या हिताचे आहे. दुकानदाराला हा फरक माहीत नसेल तर 'हिशेब तुमच्याकडेच होता ना' असे नंतर ऐकावे लागते.

तिसरे कलम दुकानदाराच्या जबाबदारीचे. दरमहा जीएसटीआर-१ भरणाऱ्या व्यापाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावे लागते. बिले जर १० तारखेला संध्याकाळी पिशवीत भरून आली तर काम वेळेत होणार कसे? म्हणून 'मागील महिन्याची सर्व बिले ५ तारखेपर्यंत' अशी अट हवी. विवरणपत्र उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. काहीच व्यवहार नसेल तर २० रुपये. बिले उशिरा आल्यामुळे शुल्क लागले तर ते दुकानदाराने सोसावे. बिले वेळेत मिळूनही हिशेबनिसाने चालढकल केली तर ते त्याने सोसावे. हे दोन्ही बाजूंनी लिहिले तर करार एकतर्फी वाटत नाही.

चौथे, मोबदला. सरसकट मासिक रकमेपेक्षा नोंदींच्या संख्येवर बांधलेली रक्कम न्याय्य ठरते. ईदच्या आधीचे पंधरा दिवस कापड-चपलांच्या बाजारात उभे राहायला जागा नसते, दिवाळीतही तेच. समजा, करारात २०० नोंदींपर्यंत ४,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५० नोंदींना ८०० रुपये असे ठरले. ईदच्या महिन्यात ६०० नोंदी झाल्या तर ४,००० अधिक ६,४००, म्हणजे १०,४०० रुपये होतात. हे आधी लिहिलेले असेल तर मागणारा अवघडत नाही आणि देणाराही चकित होत नाही. पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आणि दर वर्षी किती वाढ, हेही त्यातच यावे.

पाचवे, कागदपत्रे आणि पासवर्ड. मूळ बिले, बँक उतारे आणि टॅलीतील सर्व माहिती दुकानदाराची आहे, हे मान्य करावे. कागद घेताना आणि परत देताना पोच घ्यावी. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड हिशेबनिसाकडे असेल, पण ओटीपी दुकानदाराच्या मोबाइलवर यावा आणि त्याच्या संमतीशिवाय काही भरले जाऊ नये. फी थकली म्हणून वह्या अडवून ठेवण्याचा मोह होतो. पण कुठल्याही थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू सरसकट अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७१ ने काही ठराविक व्यावसायिकांनाच दिला आहे, आणि त्या यादीत हिशेबनीस नाही. त्यापेक्षा 'दोन महिन्यांचे पैसे थकल्यास लेखी कळवून पुढचे काम थांबवता येईल' असे कलम घालावे.

सहावे, गुप्तता. दुकानदाराला धास्ती असते की आपली माहिती शेजारच्या दुकानात जाईल. त्यावर काही जण 'काम सोडल्यावर या बाजारात दुसऱ्याचे काम करायचे नाही' अशी अट घालू पाहतात. माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारी अशी अट कलम २७ नुसार निरर्थक ठरते. माहिती बाहेर न सांगण्याची अट मात्र रास्त आहे आणि ती करार संपल्यावरही लागू राहावी.

सातवे कलम सचोटीचे. कागदाशिवाय नोंद होणार नाही, खोट्या बिलाची नोंद होणार नाही. मालाशिवाय बिल फाडणे हा जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे आणि अशा प्रकरणात वही लिहिणाऱ्यालाही जाब द्यावा लागू शकतो. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, या सूचनेचा आजच्या काळातला अर्थ हाच. दुकानदाराच्या दडपणाखाली 'नाही' म्हणणे कठीण असते. करारात ते आधीच म्हटलेले असले की हिशेबनिसाला त्या कलमावर बोट ठेवता येते.

शेवटी मुदत आणि समाप्ती. १ एप्रिल ते ३१ मार्च असा एक वर्षाचा करार, कोणालाही तीस दिवसांच्या लेखी सूचनेने थांबवता येईल असा, आणि थांबवताना कोणते कागद कोणत्या स्थितीत परत करायचे याची नोंद. वाद झाल्यास आधी दोघांना मान्य असलेल्या व्यक्तीकडे जाण्याचे कलमही उपयोगी पडते. अशा कराराला साक्षीदार कायद्याने सक्तीचे नाहीत, तरी दोन सह्या घ्याव्यात. महाराष्ट्रात अशा साध्या करारासाठी लागणारा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा झाला आहे. मुद्रांक नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण न्यायालयात पुरावा म्हणून दाखवताना आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो.

जकातीचा हिशेब आणि ईदी

गेली काही वर्षे रमजान आणि मार्चअखेर एकमेकांच्या जवळ आले आहेत. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दर वर्षी मागे सरकतो. सध्या हिशेबनिसाच्या डोक्यावर दोन्ही कामे एकदम येतात. रोजा ठेवून दिवसभर मार्चअखेरच्या नोंदी, आणि इफ्तारनंतर फोन, 'तेवढा जकातीचा हिशेब काढून द्या.'

हे 'तेवढे' काम लहान नसते. जकात म्हणजे ठरलेल्या मर्यादेहून अधिक आणि वर्षभर जवळ असलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग. जकातीचे वर्ष चांद्र, हिशेबाचे वर्ष मार्चअखेर. वहीत शिल्लक माल सहसा खरेदीच्या किंवा त्याहून कमी असेल त्या किमतीला धरतात. जकातीसाठी त्या दिवसाचा बाजारभाव धरावा लागतो. वसूल होण्याची आशा असलेली उधारी मिळवायची, देणी वजा करायची. थोडक्यात, वेगळ्या तारखेचा वेगळा ताळेबंदच तयार करावा लागतो. करारात त्याला स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र दर असावा. हिशेबनिसाला ते सवाब म्हणून विनामूल्य करायचे असेल तर तो त्याचा आनंद आहे. पण दुसऱ्याच्या सवाबावर आपला हक्क सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. वर्षभराची फी थकलेली असते आणि ईदला दुकानदार लिफाफा पुढे करतो. कुणी दिवाळीला मिठाईच्या खोक्यासोबत तेच करतो. तो लिफाफा बक्षीस आहे की थकबाकी, हे कुणी विचारत नाही. जकातीच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. केलेल्या कामाची मजुरी जकातीत धरता येत नाही. मजुरी हा कामगाराचा हक्क आहे आणि जकात गरजवंताला कोणत्याही बदल्याविना द्यायची असते. गरजू हिशेबनिसाला जकात जरूर द्यावी, पण त्याची फी चुकती केल्यानंतर. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा घाम दिसत नाही एवढेच.

थकबाकीसाठी कायदा काय देतो

स्वतंत्र हिशेबनीस सेवा क्षेत्रातील सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर नोंदणी करू शकतो. ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर त्यातील मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यातील बदलामुळे अशा सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही, तर व्यापाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच आयकरात दाखवता येतो. ही तरतूद हिशेबनीस आपल्या प्रत्येक ग्राहकाला समजावून सांगतो. तीच आपल्यालाही लागू होऊ शकते, हे मात्र तो क्वचितच सांगतो.

केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले तर ती नव्याने मोजली जाते. म्हणून दर वर्षी ३१ मार्चला 'इतके येणे बाकी' असे लिहून सही घेण्याची पद्धत चांगली. उधारीच्या ग्राहकांकडून दुकानदार असेच बाकी-पत्र घेतो आणि ते तयार करून देणारा बहुधा हिशेबनीसच असतो.

पहिले पाऊल कुणाचे?

कराराचा विषय हिशेबनिसाने काढावा, असे सगळे गृहीत धरतात. आयतीतला क्रम वेगळा आहे. ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगायचा आहे. कारण कमकुवत बाजूला तोंड उघडणे अवघड असते, आणि देणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले देणे नंतर नाकारणे त्यालाच कठीण जाते. या व्यवहारात देणेकरी दुकानदार आहे. त्याने आपणहून 'तुमचे-आमचे काय ठरले ते लिहून आणा, मी सही करतो' म्हटले तर संकोचाचा अर्धा भाग तिथेच संपतो.

नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ईदची खरेदी आटोपली, दुकानातली गर्दी ओसरली की एखाद्या दुपारी तासभर दोघांनी समोरासमोर बसावे. कामाची यादी, बिलांची तारीख, रक्कम, पैसे देण्याचा दिवस आणि काम थांबवण्याची पद्धत एवढ्या पाच गोष्टी मोठ्याने वाचून कागदावर घ्याव्यात, दोन प्रती कराव्यात आणि एक-एक आपल्याजवळ ठेवावी. मागची थकबाकी असेल तर तिचा आकडाही त्याच दिवशी लिहावा.